आरशाची पारख



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते मुलांना आधी उपकरण हातात देत आणि मग फळ्याकडे वळत. त्यांच्या नावाने उभं राहून बोलायचं, तर विषयही तसाच हवा होता. म्हणून मी वक्र आरसा निवडला. कागदावरची भूमिती आणि हाताचं काम ज्यात एकमेकांपासून सोडवता येत नाही, अशा थोड्या वस्तूंपैकी ही एक आहे.

आज मला एकच गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. आरसा घासणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, आरसा त्याच्या तपासणीपेक्षा चांगला होत नाही. जेवढी चूक आपल्याला दिसते तेवढीच आपण दुरुस्त करू शकतो. जी दिसत नाही ती काचेत राहून जाते. गेल्या साडेतीनशे वर्षांत मोठमोठे आरसे घडले, ते तपासणीच्या नव्या रीती सापडत गेल्या म्हणून. आणि जिथे तपासणी फसली, तिथे जगातल्या सर्वांत काळजीपूर्वक घासलेल्या आरशांपैकी एक आरसा चुकीचा निघाला. ती हकीकत पुढे येईलच. आधी मुळापासून सुरुवात करू.

एकच नियम

आरशावर प्रकाशकिरण जिथे पडतो, त्या बिंदूशी पृष्ठभागाला काटकोनात एक रेषा काढायची. तिला आपण स्तंभिका म्हणतो. किरण या स्तंभिकेशी जेवढा कोन करून येतो, तेवढाच कोन करून तो दुसऱ्या बाजूला परत जातो. सपाट आरसा असो, मोटारीचा बाजूचा आरसा असो की अवकाशातली दुर्बीण असो, नियम हाच. वक्र आरशासाठी निसर्गाने वेगळा कायदा केलेला नाही.

फरक पडतो तो स्तंभिकेत. सपाट आरशाच्या सगळ्या स्तंभिका एकमेकींना समांतर असतात. गोलाचा तुकडा कापून केलेल्या आरशात प्रत्येक स्तंभिका गोलाच्या केंद्रातून जाते, म्हणून प्रत्येक बिंदू किरणाला वेगळ्या दिशेला वळवतो. आतली बाजू चकचकीत असेल तर तो अंतर्गोल आरसा. दुरून आलेले समांतर किरण त्यावर पडून साधारण एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र येतात. ही नाभी आरशापासून वक्रतात्रिज्येच्या निम्म्या अंतरावर असते. बाहेरची बाजू चकचकीत असेल तर तो बहिर्गोल. तो किरण पसरवतो आणि ते आरशामागच्या एका बिंदूतून निघाल्यासारखे भासतात. घाटातल्या वळणावर लावलेला आरसा या जातीचा. त्यात प्रतिमा नेहमी सुलट आणि लहान दिसते, पण रस्त्याचा मोठा भाग एका नजरेत सामावतो.

प्रतिमा म्हणजे काय, हे थोडं थांबून पाहायला हवं. मेणबत्तीच्या ज्योतीचं टोक घ्या. त्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश आरशाच्या सगळ्या पृष्ठभागावर पडतो. प्रत्येक ठिकाणी तो आपापल्या स्तंभिकेनुसार वळतो आणि हे सगळे किरण पुन्हा एका बिंदूत भेटतात. तो बिंदू म्हणजे टोकाची प्रतिमा. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचं असंच होतं, आणि त्या सगळ्या भेटींची मिळून ज्योतीची प्रतिमा तयार होते. वहीत आपण दोन-तीन किरण काढतो ते काढायला सोपे म्हणून. प्रत्यक्षात आरशाचा कणन् कण कामाला लागलेला असतो.

वर्गात एक प्रयोग जरूर करून पाहा. अंतर्गोल आरशाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि विचारा, पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल? बहुतेक मुलं सांगतात, अर्धी ज्योत नाहीशी होईल. प्रत्यक्षात ज्योत पूर्ण राहते, फक्त मंद होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आरशाचा प्रत्येक भाग पूर्ण प्रतिमा घडवतो, ही गोष्ट कायमची कळते.

आता आकडे. वक्रतात्रिज्या ६० सेंटीमीटर असलेला आरसा घेतला, तर नाभीय अंतर ३० सेंटीमीटर. मेणबत्ती ९० सेंटीमीटरवर ठेवली तर प्रतिमा ४५ सेंटीमीटरवर पडते, उलटी आणि निम्म्या आकाराची. मेणबत्ती ६० वर आणली की प्रतिमाही ६० वर, उलटी पण तेवढीच. ४० वर आणली की प्रतिमा १२० वर जाते आणि तिप्पट मोठी होते. ३० वर, म्हणजे नाभीत, परतणारे किरण समांतर होतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. त्याहून जवळ, २० वर आणली, तर किरण कुठेच भेटत नाहीत. पण आरशात पाहणाऱ्याला ६० सेंटीमीटर मागे तिप्पट मोठी, सुलट ज्योत दिसते. दातांच्या डॉक्टरांचा छोटा भिंगासारखा आरसा याच शेवटच्या स्थितीत वापरतात. मुलं हा तक्ता सहा ओळी पाठ करून लिहितात. तो पाठ करण्याचा विषय नाही. मेणबत्ती हळूहळू सरकवत नेली आणि पडद्याने तिच्या प्रतिमेचा पाठलाग केला, की सहाही ओळी एकाच हालचालीत समजतात.

वर्तुळ चुकतं कुठे

वर मी ‘साधारण एका बिंदूत’ असं म्हटलं. त्या ‘साधारण’ शब्दात पुढचा सगळा इतिहास दडलेला आहे. गोलीय आरसा समांतर किरणांना नेमक्या एका बिंदूत आणत नाही. आपलाच ६० सेंटीमीटर त्रिज्येचा आरसा चांगला रुंद करू, इतका की त्याची कड अक्षापासून ३० सेंटीमीटर दूर असेल. मधोमध पडलेले किरण ३० सेंटीमीटरवर अक्षाला छेदतात. कडेला पडलेले किरण मात्र सुमारे २५.४ सेंटीमीटरवरच छेदतात. साडेचार सेंटीमीटरहून अधिक तफावत. कडेचे किरण आधी भेटतात, मधले नंतर, आणि प्रतिमा धूसर होते. याला गोलीय विपथन म्हणतात.

यावरचा उपाय ग्रीकांना ठाऊक होता. डायोक्लीज या भूमितिज्ञाने इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास दाहक आरशांवर ग्रंथ लिहिला आणि अक्षाला समांतर आलेले सगळे किरण एका बिंदूत आणण्याचा गुण अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, आकारात असतो, हे सिद्ध केलं. हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो अरबी भाषांतरातून. अकराव्या शतकात कैरोत इब्न अल-हैथम याने गोलीय आणि अन्वस्तीय अशा दोन्ही दाहक आरशांवर स्वतंत्र प्रबंध लिहिले.

अन्वस्ताचं वैशिष्ट्य दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येतं आणि पुढे तेच कामी येणार आहे. दूरच्या ताऱ्याकडून आलेली प्रकाशाची लाट आरशाच्या कोणत्याही भागावरून परतून नाभीत गेली, तरी तिने कापलेलं एकूण अंतर सारखंच भरतं. सगळ्या लाटा एका तालात पोहोचतात आणि एकमेकींना बळ देतात. पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी जरासा उंच राहिला, तर तिथली लाट जाताना आणि येताना असं दुप्पट अंतर वाचवते आणि ताल चुकतो. तरंगलांबीच्या पाव भागाएवढी तफावत पडली की प्रतिमा बिघडू लागते, म्हणजे पृष्ठभागावरची चूक तरंगलांबीच्या आठव्या भागात राहिली पाहिजे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आहे. तिचा आठवा भाग सुमारे ०.०७ मायक्रोमीटर. एवढी अचूकता हाताने गाठायची आहे.

हौशी मंडळी पहिली दुर्बीण करायला घेतात तेव्हा साधारण १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घेतात. त्याची मधली खोली फक्त १.१७ मिलिमीटर असते. आणि तेवढ्या आरशात गोल आणि अन्वस्त यांच्यातला कडेचा फरक किती? मध्य जुळवून मोजला तर ०.२९ मायक्रोमीटर. प्रकाशाच्या एका लाटेच्या जेमतेम निम्मा. कोणत्याही पट्टीने, कोणत्याही सूक्ष्ममापीने हा फरक वर्कशॉपमध्ये मोजता येत नाही. मग पूर्वीच्या लोकांनी हा आकार साधला कसा?

न्यूटन, हॅडली, हर्शेल

न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण बनवली. भिंग वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळं वळवतं आणि प्रतिमेभोवती रंगीत झालर आणतं. आरसा सगळ्या रंगांना सारखंच वळवतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याच्याआधी, १६६३ मध्ये, जेम्स ग्रेगरीने अशी दुर्बीण कागदावर मांडली होती, पण तसा आरसा घासून देणारा कारागीर त्याला मिळाला नाही. न्यूटनने तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू स्वतः ओतला, राळेच्या थरावर स्वतः चकाकी दिली आणि सव्वा इंचाहून किंचित मोठा आरसा तयार केला. तो गोलीय होता. एवढ्या लहान आरशात गोल आणि अन्वस्त यांचा फरक नगण्य असल्याने काम भागलं. मोठा आरसा करायचा म्हटलं असतं, तर अडचण आली असती.

ती अडचण ओलांडली जॉन हॅडलीने. १७२१ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे सहा इंची आरशाची दुर्बीण ठेवली, आणि तो आरसा अन्वस्तीय होता. जाणकारांनी तिची तुलना हायगेन्सच्या १२३ फूट लांबीच्या भिंगाच्या दुर्बिणीशी केली, तेव्हा प्रतिमा थोडी मंद असली तरी सहा फुटांची ही नळी तिच्या तोडीला उतरली. हॅडलीच्या हाताला वेगळं काय लागलं होतं? तपासणीची रीत. आरशाच्या वक्रताकेंद्राशी दिव्यापुढे लहानसं छिद्र ठेवायचं आणि परत आलेल्या प्रकाशबिंदूचं रूप तो जमण्याच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे निरखायचं, म्हणजे कोणता भाग जास्त घासला गेला हे उमगतं. न्यूटन आणि हॅडली यांच्यात पन्नासेक वर्षं गेली. घासण्याची कला त्या काळात फारशी बदलली नव्हती. बदलली ती पाहण्याची कला.

विल्यम हर्शेलची चिकाटी अजोड होती. बाथ गावी तो संगीत शिकवून पोट भरत असे आणि उरलेल्या वेळात आरसे ओतत, घासत असे. बहीण कॅरोलाइनने लिहून ठेवलं आहे की एकदा त्याने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. ती त्याला घास भरवत असे, वाचून दाखवत असे. १३ मार्च १७८१ रोजी त्याने अशाच घरच्या आरशातून युरेनस पाहिला. माणसाला इतिहासकाळात सापडलेला हा पहिला नवा ग्रह. पण हर्शेलची पद्धत नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: त्याने शेकडो आरसे घासले, ते ताऱ्यांवर रोखून पाहिले आणि त्यातले उत्तम निवडले. आरसा चांगला आहे की नाही हे त्याला कळत असे. नेमका कुठे, किती चुकला आहे, हे मात्र सहज कळत नसे. त्याच्या अफाट श्रमांचं एक कारण हे आहे.

धातूच्या आरशाची दुसरीही अडचण होती. तो पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांशच परत करी, आणि हवेत काळवंडे. पुन्हा चकाकी द्यायची म्हणजे मेहनतीने आणलेला आकार पुन्हा पणाला लावायचा. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये सहा फूट व्यासाची दुर्बीण उभी केली आणि तिच्यातून एका तेजोमेघाची सर्पिलाकार रचना माणसाने प्रथम पाहिली. ती आज व्हर्लपूल दीर्घिका म्हणून ओळखली जाते. पण धातू काळवंडत असल्यामुळे त्यांना दोन आरसे बाळगावे लागले; एक दुर्बिणीत आणि दुसरा चकाकीसाठी खाली.

फुकोचं पातं

मग आला लिओं फुको, पृथ्वीचं परिवलन लंबकाने दाखवणारा तोच. १८५७ च्या सुमारास त्याने काचेच्या आरशावर रासायनिक रीतीने चांदीचा पातळ थर चढवून दुर्बीण केली. म्युनिकमध्ये श्टाइनहाइलनेही त्याच सुमारास हे केलं होतं. चांदी काळी पडली तर ती विरघळवून नवी चढवायची, खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा. ही सोय फार मोठी होती. त्याहून मोठी देणगी होती ती १८५८-५९ मधली तपासणी.

रीत अशी. आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी एक बारीक छिद्राचा दिवा ठेवायचा. त्याचा प्रकाश आरशावरून परतून शेजारीच एका बिंदूत जमतो. त्या बिंदूच्या मागे डोळा ठेवला की सबंध आरसा उजळलेला दिसतो. आता बाजूने ब्लेडचं पातं हळूहळू त्या बिंदूत सरकवायचं. आरसा अचूक गोलीय असेल, तर सगळे किरण एकाच बिंदूतून जातात, पातं त्यांना एकदमच अडवतं आणि सगळा आरसा एकसारखा काळवंडतो. कुठे उंचवटा किंवा खोलगट भाग असेल, तर तिथले किरण जरा बाजूने जातात. तो भाग आधी किंवा नंतर काळा पडतो. डोळ्याला असं दिसतं की सपाट भासणाऱ्या काचेवर तिरपं ऊन पडलं आहे आणि तिच्यावरचे डोंगरदरे उघडे झाले आहेत. अन्वस्तीय आरसा या तपासणीत मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये खळगा आणि भोवती गोल फुगवटा. आरसा घासणाऱ्या हौशी माणसाला हे रूप पहिल्यांदा दिसतं, तेव्हा त्याला झालेला आनंद मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

या साध्या उपकरणाची ताकद आकड्यात सांगतो. आपल्या १५० मिलिमीटरच्या आरशात गोल आणि अन्वस्त यांचा फरक ०.२९ मायक्रोमीटर होता. दिवा स्थिर ठेवून पातं पुढे-मागे सरकवलं, तर अन्वस्ताच्या मध्यभागाचे आणि कडेचे किरण जमण्याची ठिकाणं एकमेकांपासून २.३ मिलिमीटर अंतरावर येतात. साध्या पट्टीवर मोजता येईल एवढं अंतर! ब्लेड, छिद्राचा दिवा आणि सरकती पाटी यांनी चूक आठ हजार पटींनी मोठी करून दाखवली. बोट आरशावर काही सेकंद टेकवून काढून घेतलं, तर बोटाच्या उबेने फुगलेली काच या तपासणीत टेकडीसारखी दिसते आणि हळूहळू बसते.

फुकोने पुढचं पाऊल टाकलं. जिथे उंचवटा दिसला, तिथेच थोडं घासायचं, पुन्हा पाहायचं, पुन्हा घासायचं. या रीतीने त्याने ८० सेंटीमीटरचा आरसा सिद्ध केला आणि ती दुर्बीण मार्सेला गेली. आता निवड करण्यासाठी शंभर आरसे घासण्याची गरज उरली नाही. एकच आरसा दुरुस्त करत नेता येऊ लागला. पालोमार पर्वतावरचा ५ मीटरचा आरसा १९३४ मध्ये ओतला गेला, महायुद्धाचा खंड धरून त्याचं काम अकरा वर्षं चाललं आणि १९४८ मध्ये दुर्बीण खुली झाली. त्या साऱ्या वर्षांत घासणं आणि तपासणं असं आलटून पालटून चाललं होतं.

हबलची चूक

आता ती हकीकत. २४ एप्रिल १९९० रोजी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटरचा. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की त्याची बारीक उंचसखलता काही नॅनोमीटरमध्ये मोजावी. जूनमध्ये जाहीर झालं की प्रतिमा धूसर येत आहेत. कारण गोलीय विपथन, ग्रीकांच्या काळापासून माहीत असलेला दोष. आरशाची कड जरुरीपेक्षा २.२ मायक्रोमीटरने सपाट घासली गेली होती. हिरव्या प्रकाशाच्या चार तरंगलांबींएवढी ही चूक. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ज्या सूक्ष्म वर्तुळात जमायला हवा होता, तिथे जेमतेम १५ टक्के जमत होता.

चौकशीसाठी ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षी अहवाल दिला. आरसा घासणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. ज्या उपकरणाने आरसा तपासला जात होता, त्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. ते अंतर ठरवायला धातूचा गज वापरला होता आणि लेझरचा किरण त्याच्या टोकावरून परतायला हवा होता. टोकावरच्या टोपणाचा रंग एके ठिकाणी उडाला होता आणि किरण तिथूनच परतला. त्या चुकीच्या मापाने तपासत तपासत आरसा चुकीच्या आकाराला अत्यंत अचूकपणे नेला गेला.

मला या अहवालातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब पुढेच आहे. दुसऱ्या दोन, अधिक साध्या तपासण्यांनी दोष दाखवला होता. पण मुख्य उपकरण जास्त अचूक समजलं जात असल्यामुळे त्या दोघींचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. तीन साक्षीदारांपैकी दोघे एक सांगत होते आणि एक दुसरं. विश्वास ठेवला गेला तो सर्वांत महागड्या साक्षीदारावर. प्रक्षेपणापूर्वी पूर्ण दुर्बीण एकत्र जोडून तिची प्रतिमा कशी येते हेही जमिनीवर पाहिलं गेलं नाही.

आणि सुटका झाली तीही तपासणीमुळेच. ते मुख्य उपकरण कारखान्यात होतं तसंच जपून ठेवलेलं होतं. ते मोजल्यामुळे चूक किती आणि कशी आहे, याचं नेमकं गणित करता आलं. चूक नियमित होती, म्हणून तिच्या नेमकी उलट चूक असलेले लहान आरसे बनवता आले. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी ती सुधारणा आणि नवा कॅमेरा बसवला, आणि हबलची दृष्टी स्वच्छ झाली.

हा धडा वाया गेला नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा बेरिलियमच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे, वर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. हे तुकडे शून्याखाली दोनशेहून अधिक अंशांवर काम करणार होते आणि थंडीत त्यांचा आकार बदलतो. म्हणून ते गोठवून मोजले, बदल नोंदवला आणि खोलीच्या तापमानाला मुद्दाम तेवढ्याच उलट चुकीचे घासले. शिवाय २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या महाकाय निर्वात कक्षात दुर्बीण एकत्र जोडून थंडीत तपासली गेली. चूक कळायची तर ती जमिनीवर असतानाच कळली पाहिजे, हे आता सर्वांना पटलं होतं.

आपल्या जवळचे आरसे

हे सगळं दूरदेशीचं वाटू नये. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर गिरवलीला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून काम करते आहे. तिथून फार दूर नसलेल्या खोडदला, नारायणगावजवळ, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, त्यातल्या काही कित्येक किलोमीटर पसरलेल्या. गिरवलीचा आरसा काचेचा आणि नॅनोमीटरच्या हिशोबाचा. खोडदच्या थाळ्या म्हणजे पोलादी तारांची जाळी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारा आणि त्यांच्यामध्ये सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची भोकं. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. आणि तरीही तो आरसाच, कारण तिथे येणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी २१ सेंटीमीटर आणि त्याहून जास्त असते. लाटेच्या तुलनेत भोक लहान असलं की लाटेला ते भोक दिसतच नाही. दोन्ही ठिकाणी अन्वस्त तोच, नियम तोच. किती चूक चालेल ते लाटेची लांबी ठरवते. ज्या शाळेची सहल खोडदला जाते, तिने ती जाळी पाहताना हा विचार मुलांपर्यंत पोहोचवावा.

तमिळनाडूत कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा २.३४ मीटरचा आरसा भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या बंगळुरूच्या कार्यशाळेत घासला आणि तपासला गेला. १९८६ मध्ये ती दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. उत्तराखंडात देवस्थळला २०२२ पासून एक वेगळाच आरसा फिरतो आहे. तो ४ मीटर व्यासाचा आहे आणि पाऱ्याचा आहे. द्रव गोल फिरवला की त्याचा पृष्ठभाग आपोआप अन्वस्तीय होतो. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, फिरण्यामुळे द्रव कडेला चढतो, आणि दोहोंचा समतोल नेमका त्याच आकारात साधतो. आठ सेकंदांत एक फेरा घेतला तर नाभीय अंतर सुमारे ८ मीटर येतं. मात्र तो सरळ वरच पाहू शकतो, आणि फिरण्याचा वेग जरा जरी ढळला तरी आकार बिघडतो. तिथेही नजर ठेवावीच लागते.

शाळेत काय करता येईल

आता माझी शिक्षकमित्रांना विनंती. आपल्या प्रयोगशाळेत अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर काढण्याच्या तीन रीती सहज करता येतात. खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर घेऊन. टाचणी आणि तिची प्रतिमा वक्रताकेंद्राशी जुळवून. आणि मेणबत्ती व पडदा यांची अंतरं मोजून सूत्राने. बहुतेक ठिकाणी यातली एकच रीत होते आणि नोंदवहीत आरशाच्या पाकिटावर छापलेला आकडा उतरतो. मला वाटतं, तिन्ही रीती तीन गटांना द्याव्यात आणि एकमेकांचे आकडे आधी कळू देऊ नयेत. मग तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ते जुळले नाहीत, तर तोच तासाचा खरा विषय. कोणाच्या मोजण्यात काय राहिलं, पट्टी कुठून धरली, झाड पुरेसं दूर होतं का, हे मुलांनीच शोधावं. छापलेल्या आकड्याशी जुळलं म्हणून गुण देण्यापेक्षा, न जुळलेल्या दोन आकड्यांची कारणमीमांसा केली म्हणून गुण द्यावेत.

दुसरी सूचना तालुक्यातल्या विज्ञान केंद्रांना आणि आकाशनिरीक्षण मंडळांना. काचेच्या दोन जाड चकत्या, कार्बोरंडमची पूड, थोडी राळ आणि सिरियम ऑक्साइड एवढ्यावर १५० मिलिमीटरचा आरसा घासता येतो. चकत्या एकमेकींवर फिरवत घासल्या की वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर, कारण प्रत्येक स्थितीत एकमेकींत नीट बसणारे आकार फक्त गोलाचेच असतात. महाराष्ट्रात ही कला जाणणारी माणसं आहेत. त्यांना बोलवा, मुलांकडून आरसा घासून घ्या, आणि घासण्याहून जास्त वेळ पात्याच्या तपासणीला द्या. तपासणी दोन वेगवेगळ्या जोड्यांनी स्वतंत्रपणे करावी. दोघांच्या नोंदी जुळेपर्यंत आरशावर मुलामा चढवू नये. हा एकच नियम पाळला, तर मुलं दुर्बिणीबरोबर आणखी काही घेऊन बाहेर पडतील: स्वतःच्या कामावर शंका घेण्याची सवय आणि दुसऱ्याच्या नोंदीला आपल्याइतकंच वजन देण्याची वृत्ती.

हबलच्या कारखान्यात उत्तम यंत्रं होती, निष्णात माणसं होती. कमी पडला तो एक प्रश्न, साध्या तपासणीचं उत्तर महाग तपासणीशी जुळत नाही तेव्हा विचारायचा. तो प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या शाळेतल्या मुलांना तो प्रश्न विचारायची मुभा द्यावी आणि तो विचारल्याबद्दल त्यांचं कौतुक करावं, एवढंच मागून मी थांबतो.